मँटल म्हणजे काय?

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायचं धाडस करतोय, चुकलं तर माफ करा.

काल बेगम बाजारात स्टोच्या दुकानापाशी रॉकेलचा वास आला आणि मी थेट भूगर्भशास्त्राच्या पहिल्या तासाला जाऊन बसलो. सरांनी विचारलं होतं, "मँटल म्हणजे काय?" माझे वडील, बापू, वरातींना पेट्रोमॅक्स भाड्याने द्यायचे; त्याच्या पेटणाऱ्या जाळीलाही मँटलच म्हणतात. मी उत्साहाने हात वर केला, "सर, बत्तीची जाळी!"

"क्या रे, जमीन के अंदर बत्ती जलाता? जा, बाप का दुकान संभाल!" सर डोळे पुसत हसले. वर्गही हसला. तेव्हा मला बापूंची लाज वाटली. आज त्या लाजेचाच जास्त राग येतो.

पण तेव्हा सरांवरच्या रागावरच मी शिकलो. पृथ्वीच्या पोटातला तो थर घट्ट असूनही कोट्यवधी वर्षं संथ वाहतो. तापलेला खडक वर येतो तिथे खंड उचलले जातात, गार होऊन बुडतो तिथे खचतात. माझा प्रबंध त्यावरच आहे. परवा होणाऱ्या माझ्या व्याख्यानात सरांना पहिल्या रांगेत बसवून, सगळ्यांसमोर तोच प्रश्न विचारायचा, असं ठरवलं होतं.

निमंत्रण घेऊन त्यांच्या हिमायतनगरच्या घरी गेलेल्या मित्राचा आज फोन आला. सर आता बायकोलाही ओळखत नाहीत.