अप्पांचं गाऱ्हाणं आणि रिफात बे

रिफात बे गेले. मला रडू आलं नाही, नुसतं थकल्यासारखं झालं.

सकाळी त्यांच्या मुलीचा, एलिफचा फोन आला तेव्हा मी परळला गिझरवाल्याशी वाद घालत होतो. फोन ठेवला आणि पुन्हा वाद घालायला लागलो. दुसरं काय करणार?

तुमच्यातले बरेच जण विचारायचे, "अरे, तो तुझा तुर्की शेठ नक्की कोण?" दरवेळी मी विषय बदलायचो. आज सांगतो.

डेनिझ्ली नावाच्या गावातल्या विणकराचा मुलगा. टॉवेल विणता विणता गिरण्यांचा मालक झाला. 'बे' म्हणजे त्यांच्याकडचं 'साहेब'.

मुंबईत पहिल्यांदा आले तेव्हा एवढे मोठे नव्हते. लालबागची एक बंद गिरणी आपले इम्पोर्टेड माग विकत होती, ते घ्यायला आले होते. मी फोर्टात एका क्लिअरिंग एजंटकडे क्लार्क. इंग्रजी बरं म्हणून साहेबांबरोबर दुभाष्या म्हणून पाठवलं.

आणि माग सोडवून द्यायला गिरणीनं ज्या जुन्या जॉबरांना, म्हणजे मागांवरच्या मुकादमांना, बोलावलं होतं, त्यांत माझे वडील, अप्पा.

पहिला नट खोलायच्या आधी अप्पांनी नारळ मागवला. आम्ही मालवणी माणसं. गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्यात कशालाही हात लावत नाहीत. एकानं देवाला सांगायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा.

अप्पांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आमच्या पोटार पाय देवन ह्ये माग चलले. ज्येच्या घराक जातीत, तेका एक घडी स्वस्थ बसाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

रिफात बेंना ते भलतंच आवडलं. दुसऱ्या ओळीपासून तेही हात जोडून सगळ्यांबरोबर ओरडायला लागले, "व्हय म्हाराजा!"

मग माझ्याकडे वळले. "काय म्हणाला तो?"

तो तर शाप होता. पण माझी नोकरी नवी होती. लग्न ठरलं होतं.

"आशीर्वाद देतोय साहेब. म्हणतोय, तुमची भरभराट होवो, तुमच्या हातून खूप लोकांचं भलं होवो."

त्यांचे डोळे भरले. त्यांनी जाऊन अप्पांना मिठी मारली. अप्पा लाकडासारखे ताठ उभे.

घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, "काय सांगितलंस त्येका?"

मी सांगितलं.

"पोटासाठी खोटा बोललंस. बोल. पण परत माका त्येच्यासमोर उभो करू नको."

नाही केलं. अप्पा गेले तोवर कधीच नाही. ते माझे वडील, हेही साहेबांना नंतरच सांगितलं.

पण रिफात बे तो आशीर्वाद धरून बसले. शाळा काढली, सांगितला. हॉस्टेल काढलं, सांगितला. हॉस्पिटलच्या उद्घाटनाच्या भाषणात सांगितला. "मुंबईतल्या एका विणकरानं, ज्याची रोजीरोटी गेली होती, त्यानं मला आशीर्वाद दिला. तो मला खरा करून दाखवायचाय."

मी यूट्यूबवर बघायचो आणि मान खाली घालायचो.

पुढे एकदा परळला आले. कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर पेशंटांचे नातेवाईक बसलेले, शेजारी स्टोव्ह, दोरीवर कपडे.

"संप आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. गावाहून आलेत. राहायला जागा नाही."

बराच वेळ उन्हात उभे राहिले. मग म्हणाले, "एक बिल्डिंग बघ."

'बघ' म्हणणं सोपं. त्या बिल्डिंगच्या परवानग्यांपायी माझे केस पिकले. पण घर झालं. नातेवाईक राहतात, स्वतःचं स्वतः रांधतात. साहेबांनी बोर्डावर स्वतःचं नाव लावू दिलं नाही. नोकरी सोडून मी तेच सांभाळतोय. दर शुक्रवारी साहेबांचा फोन. "चादरी बदलल्या? पाणी आलं?" खरं सांगतो, कंटाळायचो.

गेल्या वर्षी व्हिडिओ कॉल आला. खूप वाळले होते. डेनिझ्लीत विणकामाची शाळा बांधत होते.

"दाराजवळच्या भिंतीवर तुझ्या वडिलांचा आशीर्वाद कोरायचाय. त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच लिपीत. खाली त्यांचं नाव. लिहून पाठव."

चार दिवस बसून छान खोटा आशीर्वाद लिहिला. पाठवायला हात होईना. खाली अप्पांचं नाव येणार होतं, आणि अप्पा काही ते खोडायला परत येणार नव्हते.

शेवटी खरं गाऱ्हाणं लिहिलं, शेजारी इंग्रजीत अर्थ. कागदाचा फोटो पाठवला. ब्लू टिक. दहा मिनिटांत फोन.

"हे खरं?"

"हो."

"आणि मी त्यांच्याबरोबर ओरडत होतो?"

"हो साहेब. सगळ्यात मोठ्यानं."

"मी हे लहान मुलांनासुद्धा आशीर्वाद म्हणून सांगितलंय."

फोन कट.

त्यानंतर एकही शुक्रवारचा फोन नाही. परळचं घर बंद करतील असं वाटलं. नाही केलं. लागेल ते सगळं वेळेवर येत राहिलं, ऑफिसच्या ईमेलवरून. मी तीन मेसेज केले. ब्लू टिक, उत्तर नाही.

आज एलिफला धीर करून विचारलं, "त्या भिंतीचं काय केलं?"

ती म्हणाली, "तुला माहीत नाही? बाबांनी खुर्ची टाकून, समोर बसून कोरून घेतलं."

फोटो पाठवला.

माझ्याच वाकड्या अक्षरात अप्पांचं गाऱ्हाणं. एक शब्दही न बदलता. खाली अप्पांचं पूर्ण नाव, त्याखाली 'जॉबर'. आणि सगळ्यात खाली एक ओळ तुर्कीत. एलिफनं अर्थ सांगितला.

'हा माणूस माझ्या तोंडावर खरं बोलला. त्या दिवशी दुसरं कुणी बोललं नाही.'

त्या 'दुसरं कुणी'मध्ये पहिला मी.

त्यांनी मला माफ केलं होतं की नाही, ते आता कळायचं नाही.

चुकलो, रिफात बे. शेवटचा नमस्कार.