एकाच नावाचा कापूस

"होऊन जाईन नं, कायले घाबरता?"

हे वाक्य ते इतक्या सहज म्हणत, की समोरच्याचं काम खरंच अर्धं झालं आहे असं वाटायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. नाही म्हणताना त्याची जीभ अडखळते आणि हो म्हणताना तो पुढचं काही पाहत नाही. आमच्या जिनिंगमधले हे गाडीबाबू तसे होते.

यवतमाळजवळच्या या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी कॉलेज सुटल्यावर कॉम्प्युटरवर नोंदी करायला येत असे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मला सगळ्याचीच भीती वाटायची. पहिल्या दिवशी माझ्याकडून एक पावती दोनदा छापली गेली आणि मी रडायच्या बेतात आले. गाडीबाबूंनी जास्तीची पावती घेतली, तिची पुडी केली आणि तीत शेंगदाणे घालून माझ्यापुढे ठेवले. "पाह्य बेटा, लागली नं कामी?"

गावागावांतून कापूस आणायला गाड्या पाठवायच्या, आणि भरून आलेल्या गाड्या फाटकापासून वजनकाट्यापर्यंत न्यायच्या, हे त्यांचं काम. ड्रायव्हर त्यांना शिव्या देत आणि चहाही पाजत. शर्टाच्या खिशात दोन फोन असत. एक वाजला की ते हमखास दुसरा कानाला लावत, "हॅलो, हॅलो" करत, आणि मग ज्याचा फोन असेल त्यालाच म्हणत, "काहून बोलत नाई गा?"

ते दिवस कापसासाठी चांगले नव्हते. भाव पडलेले, सूतगिरण्यांची मागणी कमी, आणि आज विकावा की थांबावं हे कोणालाच कळत नव्हतं. कंपनीने त्याच सुमारास नवी सिस्टम आणली. गावातला कापूस, गाड्या, जिनिंगची मशीन, तयार गाठी आणि गिरणीची ऑर्डर हे सगळं तिने एकमेकांना जोडलं. कोणत्या गावाला कोणत्या दिवशी गाडी पाठवायची आणि कुठे पाठवायचीच नाही, हे आता कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवणार होती.

गाडीबाबूंनी तिला जवाई म्हणायला सुरुवात केली. "जवायासंग भांडता येत नाई, आन् त्याले काम सांगता येत नाई," असं त्यांचं म्हणणं. सकाळी आले की आधी मला विचारत, "काय म्हंते जवाईबापू?" नेट बंद पडलं की फाटकावर जाऊन गाडीवाल्यांना सांगत, "जवाई रुसले. च्या पिऊन या." साहेबसुद्धा हसायचे.

आता नेर तालुक्यातल्या एका गावाबद्दल सांगते. तिथल्या पाच घरांचा कापूस थोडा थोडा असे आणि तो एकाच टेम्पोत येई. पण काट्यावर नावं पाच, म्हणजे फाटकाचे पास पाच आणि वजनंही पाच. दिवस तिथेच जायचा. म्हणून सिस्टम यायच्या आधीच गाडीबाबूंनी त्यांना युक्ती सांगितली होती. "सगळ्याइचा कापूस मोतीरामच्या नावानं टाका. पैसे त्याच्या खात्यात येईन, तो वाटून देईन. होऊन जाईन." मोतीरामकाका सरळ माणूस. कधी कोणाची तक्रार आली नाही. इकडच्या गावांत असं चालतंच, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मीही नोंद करताना मोतीरामचं नाव टाकत होते.

सिस्टम आली तेव्हा तिला या जुन्या नोंदी दिल्या गेल्या. त्यावरून ती शिकली की त्या गावात कापूस विकणारा एकच माणूस आहे. एका माणसासाठी गाडी पाठवणं तिला परवडत नव्हतं. तिने गाव यादीतून काढून टाकलं.

त्या हंगामात दिवाळी झाली, थंडी पडली, पण तिकडे गाडी गेली नाही. आमच्या लक्षातही आलं नाही, कारण स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. एके दिवशी मोतीरामकाकांचा फोन आला, आणि गाडीबाबू मला स्कूटरवर मागे बसवून गावात घेऊन गेले. नोंदी मी करत असल्याने त्यांना मी सोबत हवी होते.

शेवंताबाईच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाच घरांतलं हे एक. नवरा गेल्यापासून शेती तीच पाहते. पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली, आणि तिची मुलगी दारात बसून हात खाजवत होती. घरात कापूस फार दिवस राहिला की अंगाला खाज सुटते. मुलीच्या मनगटांवर ओरखडे उठले होते.

शेवंताबाई आवाज न चढवता म्हणाली, "भाऊ, तुमीच म्हणलं होतं एका नावानं टाका. आता तुमचा कम्प्यूटर म्हंते, मी कापूसच पेरत नाई. मंग हे काय हाये घरात?"

 मी गाडीबाबूंच्या तोंडाकडे पाहिलं. आता ते त्यांचं नेहमीचं वाक्य म्हणतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "पोरीले डॉक्टरले दाखवलं का?" आणि बाहेर आले.

परत येताना त्यांनी स्कूटर हळू केली. "जवायाची काय चूक हाये बेटा? त्याले मीच शिकवलं."

"नोंदी मी केल्या," मी म्हणाले.

"तू मी सांगतलं ते लिवलं. तू नको घेऊ आंगावर."

पण अंगावर घेतलेलं असं सांगून उतरत नाही. मी आजही ते मनात घोळवते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याच्या इंजिनियरला फोन लावला. तो मुलगा नम्र होता. म्हणाला, "सर, हाताने नावं घातली तर सिस्टम ती धरत नाही. प्रत्येकाचा वेगळा व्यवहार दिसला पाहिजे. तो दिसला, की पुढच्या हंगामापासून ती स्वतःच त्यांना मेसेज करून गाडी पाठवेल."

"म्हणजे त्याले दाखवा लागते," गाडीबाबू म्हणाले.

त्यांनी स्वतः टेम्पो केला. पाच घरांचा कापूस मध्ये ताडपत्र्या टाकून वेगवेगळा भरला. काट्यावर टेम्पो चढवायचा, वजन करायचं, एका घरचा कापूस खाली करायचा आणि पुन्हा टेम्पो काट्यावर. मग दुसरं घर. मागे गाड्यांची रांग फाटकाबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत गेली.

"बाबू, एकाच नवरीचे कितीक फेरे करून राह्यला गा?" एक ड्रायव्हर ओरडला.

"अजून अंतरपाट बी निघाला नाई," गाडीबाबू म्हणाले. सगळे हसले, तेही हसले.  स्क्रीनवर काटा लाल झाला होता. मी आतून येऊन हळूच सांगितलं, "बाबू, गाठींचा ट्रक रांगेत अडकला आहे. गिरणीची ऑर्डर चुकेल."

"मले दिसून राह्यलं बेटा. तू शेवंताबाईचं नाव नीट लिव."

मी लिहिलं. पाचही नावं चढली. कापूस विकला गेला, पण तोपर्यंत भाव दिवाळीपेक्षा पुष्कळ खाली आला होता. शेवंताबाईने पावती हातात घेतली, वाचली, आणि गाडीबाबूंकडे न पाहता निघून गेली. ते तिच्या मागे दोन पावलं गेले आणि थांबले.

गिरणीची ऑर्डर चुकलीच. सिस्टमने उशीर कोणामुळे झाला हे बरोबर शोधून काढलं. या वेळी तिचं काहीच चुकलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "काटा कोणी अडवला?" गाडीबाबू म्हणाले, "मीच." कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "माह्या हातून मांगं एक चूक झाली होती." एवढंच. पुढच्या महिन्यापासून त्यांना यायची गरज नाही असं सांगण्यात आलं. गावातल्या लोकांना यातलं काही कळवायचं नाही, असं गाडीबाबूंनी मला बजावलं.

त्यांच्या जागी कंपनीने नवा माणूस घेतला नाही. त्यांचं बरंचसं काम सिस्टमकडे गेलं आणि उरलेलं माझ्याकडे. माझा पगार वाढला, कॉलेजची फी वेळेवर भरली गेली. घरी आईने पेढे वाटले. मी माझा पेढा कागदात गुंडाळून ठेवला.

ते राजूरच्या कोळसाखाणीत गाड्यांवर लागले असं कळलं. मी एकदा फोन केला. मागे ट्रकांचा आवाज होता. त्यांनी विचारलं, "त्या पाचही जणाइले मेसेज आला का?" मी म्हणाले, अजून हंगाम सुरू व्हायचा आहे. "आला की सांगजो," ते म्हणाले. नंतर तो नंबर लागेनासा झाला. दुसरा नंबर माझ्याकडे नव्हता.

हंगाम सुरू झाला आणि गाडी खरंच त्या गावी गेली. पाच जणांच्या फोनवर पाच मेसेज. कापसासोबत शेवंताबाई स्वतः आली आणि सरळ माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"कुठी हायेत तुमचे गाडीबाबू? मले त्याइले दोन गोष्टी सुनवाच्या हायेत. वर्षभर ठेवल्या मी त्याइच्यासाठी. माह्या कापसाची माती केली त्या माणसानं."

मी गप्प राहायला हवं होतं. त्यांनी तसं सांगितलं होतं. पण त्यांना कोणी शिव्या द्याव्यात आणि मी त्यांच्या खुर्चीत बसून ऐकावं, हे मला झेपलं नाही. मी सगळं सांगितलं. त्या दिवशीच्या रांगेमुळे चुकलेली ऑर्डर, आणि त्यापायी गेलेली त्यांची नोकरी.

ती मागच्या बाकावर बसली. पदर तोंडावर दाबून म्हणाली, "आमच्यापायी? मंग सांगतलं काहून नाई कोणी? मी तं साऱ्या गावात त्याइचं नाव खराब केलं."

 इतके दिवस जे ओझं माझ्याकडे होतं, त्यातलं मी तिला दिलं होतं, आणि माझं काही कमी झालं नव्हतं.

तिच्या हातातला फोन वाजला. तिचा नंबर लागला होता, काटा मोकळा होता. बाहेरून चौकीदार ओरडला, "शेवंताबाई कोण हाये? या लवकर!"

ती उठली नाही. फोन पुन्हा वाजला. मग मीच उठले आणि तिचा कापूस काट्यावर घ्यायला बाहेर गेले.