ताईची विमानं

आमच्या घरात कुणाकडं पासपोर्ट नाही, पण विमानाचे किस्से एवढे साचलेत की तळेगाव ढमढेऱ्याच्या स्टँडवर चहाला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "पप्या, तो नारळाचा सांग." एक सांगितला की दुसरा त्याचं शेपूट धरून येतो. विमानात बसायची माझी ताई, सुमी. तिला पुण्याला विमानतळावर सोडायचा माझा थोरला भाऊ, दादा, त्याच्या गाडीतून; भाड्यानं कधी माणसं न्यायचा, कधी मार्केट यार्डात भाजी. मी मागं बॅग धरून. किस्से दादाच सांगायचा आणि माझ्यापेक्षा भारी सांगायचा. तो यंदाच्या पावसाळ्यात गेला. म्हणून आता मी सांगतो.

*

ताईला दौंडला दिली. दाजींची बदली चेन्नईच्या प्लँटला झाली आणि ताई सासूजवळ राहिली. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी महिन्यातले ठराविक दिवस सांगितले. त्या दिवसांत दोघांनी एका गावात असायला पाहिजे. दाजींना सुट्टी मिळंना, म्हणून ताईच विमानानं जायला लागली.

आता चेन्नईची रेल्वे दौंडातूनच जाते. शेजारणी विचारायच्या, दारातली रेल्वे सोडून विमान कशाला? रेल्वेत एक दिवस जातो आणि आमच्याकडं दिवस मोजकेच, हे सांगणार कसं? ताईच्या सासूबाईंनी ठोकून दिलं, "कंपनीत बायकांचं हळदीकुंकू हाय."

दर महिन्याला हळदीकुंकू. शेवटी एक शेजारीण म्हणाली, "लई धार्मिक कंपनी दिसतीय, बाई."

*

पहिल्यांदा निघाली तेव्हा आईनं तिची ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. विमानतळावर पिशवी मशीनमधून गेली आणि जवानानं नारळ बाहेर काढला. विमानात नारळ नेता येत नाही म्हणे. ताई रडकुंडीला आली. ओटीचा नारळ टाकून कसा द्यायचा? तिनं दादाला फोन केला. आम्ही वाघोलीपर्यंत गेलो होतो, तिथून माघारी आलो.

नारळ दादाच्या हातात आला आणि खरी पंचाईत सुरू झाली. ओटीचा नारळ माहेरी परत आणायचा नाही. दादानं तो डॅशबोर्डवर ठेवला आणि घरी न जाता रांजणगाव गाठलं. तिथून त्याच्या ओळखीचा एक ट्रक चेन्नईला माल घेऊन निघाला होता. त्या ड्रायव्हरच्या शेजारी नारळाला सीट मिळाली.

दाजींचा फोन आला, "अहो आई, इथं नारळाचीच झाडं हायेत सगळीकडं."

आई म्हणाली, "असतील. त्यातला ओटीचा कोणता हाय, दाखवा."

*

मग मोठी ट्रीटमेंट सुरू झाली. इंजेक्शनं थंड ठेवायला लागायची. रफिकमामा आमच्या शेजारचे, कुल्फीची गाडी लावतात. त्यांनी कुल्फीचा छोटा डबा बर्फ घालून दिला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'मलई'.

विमानतळावर जवानानं विचारलं, "इसमें क्या है?" मागं रांग. ताईनं हातानं 'मलई' झाकली. तेवढ्यात पलीकडून एक वर्दीतली बाई आली. तिनं डबा उघडला, इंजेक्शनं बघितली, झाकण लावलं. ताईला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "मेरा भी चल रहा है, दीदी. दूसरी बार."

डबा तिनं स्वतःच्या हातानं पलीकडं नेऊन दिला. ताई सांगते, विमान सुटेपर्यंत त्या दोघी एकमेकींना कोणतं इंजेक्शन कुठं जास्त दुखतं ते सांगत होत्या.

*

आणि राहिलं एकदाचं! पहिले तीन महिने ताई आमच्याकडंच होती, खाटेवरून पाय खाली टाकू दिला नाही आईनं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता विमानानं जायला हरकत नाही. त्यांना विमानाची काळजी नव्हती, दादाला रस्त्याची होती.

आदल्या दिवशी त्यानं मला मागच्या सीटवर बसवलं, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या दिला आणि म्हणाला, "आज तू सुमी. पाणी सांडलं की ओरडायचं." शिक्रापूर येईपर्यंत माझी पँट भिजली. कोरेगावात शर्टही गेला. प्रत्येक गतिरोधकापाशी दादा विचारायचा, "सुमे, बरं हाय ना?" विमानतळाबाहेर मी उतरलो तर पार्किंगवाला माझ्याकडं बघायला लागला.

दादा त्याला म्हणाला, "पहिलटकरीण हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी अशी चालवली की शेणखताचा ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढं गेला.

*

पोटुशी बाईनं नदी ओलांडायची नाही, ओलांडलीच तर पाण्यात नाणं सोडायचं, असं आमच्यात मानतात. आईनं ताईच्या रुमालात नाणी बांधली. विमानातून नाणं सोडणार कुठून? ताईनं खिडकीजवळच्या लॅपटॉपवाल्या पोराला सांगून ठेवलं, नदी आली की सांग. पोरगं गुणी. काम बाजूला ठेवून खाली बघत बसलं. नदी आली की ते म्हणायचं, "मॅडम, आली," आणि ताई समोरच्या उलटीच्या पिशवीत नाणं टाकून हात जोडायची.

उतरायच्या आधी हवाईसुंदरी आली. ताईची उलटी झाली असं समजून तिनं ती पिशवी दोन बोटांत धरली आणि कचऱ्यात टाकली.

ताईनं घाबरत आईला फोन केला. आईनं विचारलं, टाकताना विमान हवेतच होतं ना? हवेतच होतं. "मग पोचली," आई म्हणाली.

*

त्यानंतर महिनाभरात दादा गेला. यार्डात भाजी उतरवून आला, गाडीत बसला आणि उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. बत्तीस वर्षांच्या माणसाचं हार्ट. मी त्या डॉक्टरच्या अंगावर धावून गेलो होतो. रफिकमामांनी मला मागून मिठी मारून धरलं.

ताईला पाचवा लागला होता. आईनं कुणाला विचारलं नाही. दारात सगळे जमलेले असताना म्हणाली, "एक गेला. एक येतंय, त्याला तरी नीट येऊ द्या. सुमीला कुणी कळवायचं न्हाई."

सगळ्या गावानं ऐकलं. दाजी कंपनीच्या कामाचं सांगून आले, खांदा दिला आणि संध्याकाळच्या विमानानं ताईकडं परत गेले.

चौथ्या दिवशी दादाचा फोन वाजला. ताई. फोन माझ्या खिशात होता. आम्हा भावांचा आवाज सारखा, हे सगळे म्हणायचे. मी विचार केला नाही. उचलला आणि म्हणालो, "बोल सुमे."

*

तेराव्याला पंगत बसली आणि परत ताईचा फोन. मी कोपऱ्यात गेलो, पण मांडवच एवढासा.

"दादा, कसला गोंधळ रं?"

"यार्डात हाय," मी म्हणालो.

रफिकमामा वाढत होते. त्यांच्या हातात आमटीची बादली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तिथूनच आरोळी ठोकली, "मेथी घ्या, मेथी! वीसला जुडी!" मग आमचे एक मामा पानावरून ओरडले, "कोथिंबीर, कोथिंबीर!" मग कुणी फ्लॉवर, कुणी वांगी. वडगाव रासाईहून आलेल्या म्हाताऱ्यानं कांद्याचा लिलाव पुकारला. सगळी भाजी पिकवणारी माणसं, भाव पाठच. मी फोन ठेवला तरी बराच वेळ कुणी थांबंना.

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मेथीला भाव बरा सांगितला."

*

ताई दादाकडं माझ्या तक्रारी करायची. पप्या डोक्यानं गरम, पप्या गाडी जोरात चालवतो, त्याला जरा दमात घे. मग मी दादाच्या आवाजात मलाच शिव्या द्यायचो. व्हिडिओ कॉल म्हणाली तर सांगितलं, फोन पडला, कॅमेरा गेला. एकदा म्हणाली, "दादा, पप्या एकटा पडल्यासारखा वाटतो रं. त्याला रागवू नको फार."

मी म्हणालो, "न्हाई रागवत."

*

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आठव्यात प्रवास नाही, म्हणून सातव्यातच आणायचं ठरलं. दाजींना सुट्टी नाही. ताई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एकटी आली. घरी ठरलं होतं ते असं: दादा भाडं घेऊन कोल्हापूरला गेलाय म्हणायचं. घरी आणायची, चार घास पोटात गेले की आई सांगणार. डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलेलं. रफिकमामांनी मला निघताना बजावलं, "तोंड उघडू नको. तुझं तोंड लई फाटकं हाय."

एक पोरगा ताईला व्हीलचेअरवरून बाहेर घेऊन आला. चेहरा भरलेला, पोट चांगलं दिसायला लागलेलं. मी पाया पडलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ उचलला नाही. मी कोल्हापूरचं तोंडात तयार ठेवलं होतं. तिनं दादाचं विचारलंच नाही.

ती मागं बसली. वाघोली गेली. मी गाडी हळू चालवत होतो. लोणीकंद गेलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"पप्या."

"काय, ताई?"

"दादासारखं बोल ना जरा."

मी गाडी आणखी हळू केली. "कसं?"

"फोनवर बोलायचास तसं."

आरशात बघायची माझी हिंमत झाली नाही. पुढं ट्रक होता, त्याला जाऊ दिलं. घसा साफ केला.

"सुमे," मी म्हणालो, "जेवलीस का?"

"न्हाई, दादा," ताई म्हणाली. "घरीच चाललेय."