बुजलेली नळी

मुंबईच्या कॉलेजांतली शिकाऊ डॉक्टर मंडळी अधूनमधून मला भेटायला येतात. सोनोग्राफीच्या नाहीतर एक्स-रेच्या पडद्यावर बघत, कातडीला एवढंसं भोक पाडून आत सुई आणि नळी घालायची, पोट फाडायचं नाही, असं माझं काम. त्यांनाही तेच करायचं असतं. प्रश्न ठरलेले असतात. मशीन कुठलं घ्यावं, नळ्या कुठून मागवाव्यात, मोठ्या शहराबाहेर हे काम चालतं का. मी उत्तरं देतो, चहा पाजतो. एक गोष्ट मात्र मी त्यांना बरीच वर्षं सांगत नव्हतो, कारण ती सांगताना माझी मान खाली जाते. आता सांगतो. मान अजूनही खालीच जाते.

नव्वदीच्या सुरुवातीला मी पनवेलला आलो. कळंबोलीकडे इमारती उठत होत्या, पण साधं सीटी स्कॅन करायचं तरी लोक मुंबईची वाट धरत. असलं नळीचं काम करणारा आसपास मी एकटाच. वासरांत लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार. पण हे कळायला मला बराच वेळ लागला. तेव्हा मी स्वतःला खरोखरच शहाणा समजत होतो.

एसटी स्टँडपासून जवळच एका सर्जनचं दोन मजली हॉस्पिटल होतं. तळमजल्यावर माझी सोनोग्राफीची खोली, वर वॉर्ड. मधे चौदा पायऱ्यांचा जिना. रीत अशी होती की पेशंट सर्जनचा. त्यानं पाठवला की मी नळी घालायची, कागदावर सही करायची आणि पुढच्याला आत बोलवायचं. रोज सकाळी वॉर्डातली सिस्टर प्रत्येक नळीतून किती पू किंवा पाणी निघालं ते चिठ्ठीवर लिहायची, आयाबाई ती चिठ्ठी खाली आणून द्यायच्या, मी तिच्यावरच हुकूम लिहून परत पाठवायचो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पेशंटनं मला नळी घालताना पाहिलेलं असे तेवढंच, आणि मी पेशंटचं हिरव्या कापडातून दिसणारं चार बोटं पोट पाहिलेलं असे. यात काही चुकतंय असं मला वाटत नव्हतं. उलट राउंड घेणं, नातेवाइकांशी बोलणं ही कटकट आपल्यामागे नाही, याचा मला आनंद होता.

एक दिवस उरणजवळच्या करंज्याचा एक तांडेल आला. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा प्रमुख. चाळिशी ओलांडलेला, अंगानं तगडा, पण पंधरा दिवसांच्या तापानं पार पिळून निघालेला. उजवा खांदा दुखतोय म्हणून गावात कुणी शेकायला सांगितलं होतं. सोनोग्राफी केली तर यकृतात शहाळ्याएवढी पुवाची पिशवी. केव्हाही फुटेल अशी. सर्जन म्हणाला, तुझं काम. मी जागा बधिर केली, सुई घातली, सुईतून तार, तारेवरून नळी. चॉकलेटी रंगाचा दाट पू धो धो बाहेर आला. तांडेलानं पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. मी पडद्यावरच्या चित्राचा फोटो काढून ठेवला. दाराबाहेर त्याची बायको आणि म्हातारी आई उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि हात धुवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवरचा आकडा निम्म्याहून कमी होता. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी आली, 'आज काही नाही.' मी खाली लिहिलं, 'छान. उद्या नळी काढा.'

आता खरं सांगतो. नळीतून काही येत नाही याचे दोन अर्थ होतात. पू संपला, नाहीतर नळी बुजली. नळीत थोडं सलाइन पिचकारीनं सोडून बघायचं, पुन्हा एकदा सोनोग्राफी करायची, मग नळीला हात लावायचा. अर्ध्या तासाचं काम. हा प्रश्न परीक्षेत आला असता तर मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले असते. त्यासाठी चौदा पायऱ्या चढायच्या होत्या, त्या मी चढलो नाही. दुसरं कारण नाही.

आणि मला सांगणारं कुणी नव्हतं असंही नाही. त्याच दिवशी अकराच्या सुमाराला तांडेलाची बायको खाली आली. माझ्या दारासमोर गरोदर बायकांची रांग, सकाळपासून दोनदा वीज गेलेली, दोनदा मशीन पुन्हा सुरू केलेलं. राग तर माझ्या नाकावरच असतो. ही बाई नंबर न लावता दारात येऊन उभी राहिली.

"डाक्तर, पू संपला नाय. नली बुजलेय."

मी विचारलं, तुला कसं कळलं. तिनं शांतपणे सांगितलं.

"आमचे बोटीच्या मशीनला गार ठेवाला दर्याचं पानी पायपातून फिरतं नि भायेर पडतं. भायेर पानी येवाचं थांबलं, तर दर्या आटला असं आमी नाय म्हनत. पायप बुजला म्हनतो. त्यांचं अंग परत तापलंय. तुमी वर येऊन येकदा बघा."

इतकं सोपं आणि इतकं बरोबर निदान मी त्या वर्षात दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी काय म्हणालो, तेही लिहितो. "बाई, हे बोटीचं इंजिन नाही, माणसाचं लिव्हर आहे. डॉक्टर तू आहेस की मी?"

रांगेतल्या बायका हसल्या. त्या हसल्या म्हणून मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. तिनं पदर सारखा केला आणि ती जिना चढून वर गेली. ती तो जिना दिवसातून वीस वेळा चढत उतरत होती.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तांडेलाला धाप लागली. पुवाची पिशवी वरच्या बाजूला छातीत फुटली होती. सर्जननं हातातला घास टाकून त्याला ऑपरेशनला घेतलं. पोट उघडलं, छातीत जाडजूड नळी घातली. ज्यासाठी मला बोलावलं होतं, ते सगळं शेवटी सुरीनंच करावं लागलं.

बाहेर आल्यावर, वॉर्डासमोरच्या पॅसेजमध्ये सर्जननं मला विचारलं की चार दिवसांपूर्वी एवढा पू काढला होता, मग हा आला कुठून. तांडेलाची आई, भाऊ, बायको, दोन-चार शेजारी, सगळे समोरच उभे होते. तेव्हा मी खरं बोललो असतो तर फार तर सर्जननं चार शब्द सुनावले असते. मी म्हणालो, "नळी जागची हलली असणार. कुणीतरी हात लावला असेल. लावला होता का कुणी?"

मग बायको हळूच म्हणाली की रात्री कूस बदलताना नळी अंगाखाली येत होती, ती तिनं बाजूला केली होती. एवढंच. बाजूला केल्यानं काही होत नाही, नळी टाक्यानं बांधलेली असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मूग गिळून बसलो. म्हातारीनं सुनेकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, हिनंच केलं. मी जिना उतरून खाली आलो. खापर फोडायला डोकं मिळालं होतं आणि माझं वाचलं होतं.

तांडेल जगला. दीड महिना तो वर वॉर्डात होता. उजव्या फुप्फुसाची ताकद मात्र गेली. सुकाणूवर उभं राहणं, जाळं ओढणं त्याला पुन्हा जमलं नाही. बोट धाकटा भाऊ चालवू लागला आणि हा किनाऱ्यावर जाळी विणत बसला.

तीन-चार महिन्यांनी मुंबईत डॉक्टरांची एक सभा होती. पनवेलसारख्या ठिकाणी कमी साधनांत काय काय करता येतं यावर मी बोललो आणि त्यात तांडेलाचा पहिल्या दिवसाचा फोटो दाखवला. पाहुण्यांपैकी एका ज्येष्ठांनी विचारलं, पुढे काय झालं. मी सांगितलं, पेशंट चालत घरी गेला. शब्द न् शब्द खरा होता. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या आठवल्या की आजही अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

तांडेल मात्र दर वर्षी सोनोग्राफी करून घ्यायला यायचा, बरोबर भाऊ असायचा. येताना माझ्यासाठी सुके बोंबील आणायचा. त्याच्या मते मी त्याचा जीव वाचवला होता. मी बोंबील घ्यायचो. तिसऱ्या वर्षी मी त्याला, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून, बायको कशी आहे असं विचारलं. तो म्हणाला, बरी हाय, पन दवाखान्यात येत नाय. आई येऊ देत नाय. घरात काही बिघडलं की आईचं एकच पालुपद, हिच्या हाताला यश नाही, हिनं नळी ओढून माझ्या पोराला अधू केलं. गेल्या साली मुलीचं बाळंतपण उरणला झालं तर ही खोलीच्या दाराशी दोन्ही हात मागं धरून उभी राहिली. पोरीला सलाइन लावलेलं होतं, म्हणून जवळच गेली नाही. नातवंडालाही तिनं घरी आल्यावरच हातात घेतलं.

तो हे सहज सांगत होता. मी त्याच्या पोटावरून प्रोब फिरवत होतो आणि मला पडद्यावर काही दिसत नव्हतं.

म्हणून मी लगेच उठून करंज्याला गेलो, असं मात्र झालं नाही. सहा महिने काढले. तोवर मी कामाची रीत बदलली होती. रोज दुपारी वर जायचं, आपण घातलेली प्रत्येक नळी आपल्या हातानं धुवायची, पेशंटशी आणि त्याच्या माणसांशी बोलायचं, काही बिघडलं तर आपण होऊन सांगायचं. नळी ज्यानं घातली त्याचा पेशंट, मग कागदावर नाव कुणाचंही असो. शिकाऊ मंडळींना मी जे काही शहाणपण सांगतो ते एवढंच आहे. पण मी सुधारलो म्हणजे तिचं ओझं उतरलं, असं मनाला समजावत राहिलो हाही माझाच नालायकपणा. ती अजून हात मागं धरूनच उभी होती.

शेवटी एका रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि उरणमार्गे करंज्याला गेलो. बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता. घर विचारत विचारत गेलो. अंगणाबाहेर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, आणि तांडेलाची आई हातात काठी घेऊन कावळे हाकलत बसलेली. तांडेल जाळं विणत होता. मला बघून तो उठायला लागला, मी त्याला बसवलं. थोड्या वेळानं बायको लिलावातून डोक्यावर पाटी घेऊन आली. मला बघून ती जागीच थांबली.

मी तिला बाजूला बोलावलं आणि खालच्या आवाजात सांगितलं. सगळं सांगितलं. नळी बुजली होती, तुम्ही सांगितलंत ते बरोबर होतं, मी वर येऊन बघितलं नाही, आणि पॅसेजमध्ये मी खोटं बोललो. तुमच्या हातानं काही झालं नव्हतं. मला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. मी दोन्हीची तयारी करून आलो होतो. ती पाटीतली मासळी सारखी करत राहिली.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "मना कशाला सांगता? तिला सांगा."

आणि ती मला म्हातारीपुढे घेऊन गेली.

म्हातारीला आता जवळजवळ ऐकू येत नव्हतं. मी वाकून, हात जोडून, सभ्यपणे सांगायला लागलो. तिनं कानामागे हात धरला. मी आवाज चढवला. तिनं सुनेकडे बघितलं. सून मला मदत करायला आली नव्हती. मग मी ओरडलो. भर दहा वाजता, करंज्याच्या त्या आळीत, इस्त्रीच्या शर्टात उभा राहून मी ओरडून सांगितलं की तुमच्या सुनेनं काही केलं नाही, चूक माझी होती, मी खोटं बोललो. पलीकडे मासळी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. तांडेलानं हातातलं जाळं खाली ठेवलं.

म्हातारीला ते पोचलं. तिनं हातातली काठी खाली ठेवली.

"मंग तवा का नाय बोल्लास?" तिनं विचारलं.

मी निघायला वळलो, तर सून वाटेत उभी होती. तिनं पाटी खाली ठेवली होती आणि तिचे हात कमरेवर होते.

"अजून येकदा सांगा, डाक्तर," ती म्हणाली. "मोठ्यान. पल्याडच्या घरांना ऐकू नाय गेलं."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.