लिंबाला शेंदूर

बहात्तरच्या दुष्काळानंतर कनेरगाव नाक्यावर ढाबे वाढले आणि त्यांच्या भट्ट्यांसाठी गायरानातले कडुलिंब तुटू लागले. ते वाचवायला गावातल्या पाच-सहा जणांनी मंडळ काढलं होतं. मी एसटीची वाट बघत थांबायचो, तेव्हा त्यातला एक उंच माणूस मला रोज दिसायचा. तेलात कालवलेला शेंदूर तो एकेका बुंध्याला फासायचा आणि बोट मातीत घासून पुसायचा.

तो बौद्ध होता. मी एकदा विचारलं, "तुमी तर देव सोडले ना? मग हे काहून?"

"आमी न्हाई मानत," तो म्हणाला. "कुऱ्हाडवाले मानतेत."

झाडं खरंच वाचली. पुढं एका लिंबाला गावानं पार बांधला, बायका नारळ घेऊन येऊ लागल्या, एक पुजारीही बसू लागला. एका सकाळी तो तिथं सावलीला टेकला, तर पुजाऱ्यानं त्याला उठवलं. "देवाची जागा हाय. लांब बस."

तो वाटी घेऊन पुढच्या लिंबापाशी गेला. शेंदरात बोट बुडवलं आणि तसाच थांबला.

"लावला तर सावली आमची ऱ्हात न्हाई," तो मला म्हणाला. "न लावला तर झाडच ऱ्हात न्हाई. काय करू, सांगा."

तेवढ्यात माझी एसटी आली. एसटी सुटली तेव्हाही त्याचं बोट तसंच वर होतं.