बॅटरीवरची टोपी

रेवणअप्पांबद्दल लिहा, असं मला कुणी सांगितलेलं नाही. उलट उमरग्यात त्यांचं नाव निघालं की मी विषय बदलत आलो, चहा सांगत आलो, नाहीतर दुकानातून उठून जात आलो. पण परवा एका गॅरेजवाल्यानं आपल्या कामगाराला दम देताना म्हटलं, "नीट बघ, रेवणअप्पा होऊ नको." त्या गॅरेजवाल्यानं अप्पांना कधी पाहिलंही नसेल. माझी सत्तरी उलटली आहे. आता मी गप्प राहिलो, तर त्यांचं नाव असंच वापरलं जाईल.

हायवेला माझं स्पेअर पार्टचं दुकान, आणि त्याला लागून अप्पांची पत्र्याची शेड. ट्रकचं वायरिंग हे त्यांचं काम. उंच, काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी. ती टोपी सावलीसाठी नव्हती. कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी ते बॅटरीचा मायनस टर्मिनल उतरवायचे आणि बॅटरीवर टोपी ठेवायचे. टोपी तिथं असेतोवर गाडीच्या मालकानंही चावीला हात लावायचा नाही. हा नियम सगळ्या हायवेला माहीत होता.

एकदा हैदराबादकडं निघालेला एक ड्रायव्हर फार घाईला आला. "अप्पा, टोपी उचलू का? लई उशीर झाला ओ."

इंजिनात वाकलेले अप्पा मान वर न करता म्हणाले, "उचल की. मग आत हात बी तूच घाल."

घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि घाई करणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर: "निधान री, निधान." म्हणजे सावकाश.

माझ्या वडिलांची पेट्रोलवरची जुनी जीप होती. ते गेल्यावर जीप गंजली, सांगाडा भंगारात गेला, पण इंजिन मी दुकानामागं ताडपत्रीखाली ठेवलं. पंचवीसेक वर्षं ते तसंच पडून होतं. एकदा तो आवाज पुन्हा ऐकावा, असं मनात आलं. मी अप्पांना विचारलं, "दुसऱ्या एखाद्या जीपमध्ये बसवून बघायचं का?"

"गाडीत न्हाय. आधी भाईर उठू द्या त्याला. भाईर असलं की कुठं दुखतंय ते दिसतंय."

"पण सुरू होईल ना?"

"झोपलंय का मेलंय, ते त्यालाच इचारू. पर दार वाजवायची बी रीत असती, शेठ."

त्यांनी लोखंडी अँगलचा घोडा करून त्यावर इंजिन ठेवलं. एका फळीवर स्विच, सेल्फचं बटण आणि ऑईलचा काटा बसवला. सगळ्या वायरी नव्या ओढल्या. प्लगच्या भोकांतून तेल सोडलं आणि काही दिवस तसंच मुरू दिलं. मग रोज येऊन हातानं इंजिन थोडं थोडं फिरवायचे. फिरवताना कन्नडमध्ये त्याच्याशी काहीतरी बोलायचे. शेवटी प्लग काढूनच सेल्फ मारला. काटा हलून वर चढला, तेव्हा म्हणाले, "आता तेल सगळीकडं पोचलं. आवाज उद्या."

दुसऱ्या दिवशी मी पाहुण्यांना बोलावलं. मेहुणे हार-नारळ घेऊन आले. पेट्रोलचा डबा लिंबाच्या फांदीला टांगला होता, प्लग बसवून झाले होते. तेवढ्यात अप्पांना पंख्याचा पट्टा ढिला वाटला. त्यांनी मायनस उतरवला, बॅटरीवर टोपी ठेवली आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूला जाऊन उकिडवे बसले.

मेहुणे घड्याळ बघत म्हणाले, "दाजी, राहुकाळ लागंल हं. नारळ फोडू का?"

"अप्पा, झालं का?" मी विचारलं.

"निधान री. पट्टा बघतोय."

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. पण वडिलांचं इंजिन, जमलेले लोक, टळत चाललेली वेळ. आणि यांचं निधान काही संपत नाही, याचा राग. सगळे नारळाकडं बघत होते. मी टोपी उचलून खुर्चीवर ठेवली, टर्मिनल लावला, स्विच टाकला आणि बटण दाबलं.

इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. तोच आवाज. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसत होतो. अप्पांचं ओरडणं मला त्या गलक्यातलंच वाटलं.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? पोलिसांना कळवावं लागेल, हेही सांगितलं. अप्पांच्या आधी मीच बोललो, "मायनस काढायचा राहून गेला त्यांच्याकडून."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग डोळे मिटून म्हणाले, "व्हय डॉक्टर. राहिला."

मला वाटलं, हे आजच्यापुरतं. उद्या खरं सांगू. पण उद्या माझ्याच काउंटरवर ड्रायव्हर हसत होते, "अप्पानं टोपी डोक्यावरच ठिवली म्हणं! लोकास्नी शिकवतंय अन् सोता इसरतंय." मी नटबोल्ट पुड्यात बांधून देत राहिलो. दवाखान्याचं सगळं मी बघितलं, म्हणून गावानं मला भला माणूस म्हटलं. तेही मी ऐकून घेतलं.

जखम भरली. अप्पा उरलेल्या बोटांनी वायर पिळायला शिकले, कामही पूर्वीसारखं चोख करायचे. पण गाड्या येईनात. काम हाताच्या दुखण्यानं नाही, त्या गोष्टीनं गेलं. एक दिवस माझ्याकडं चहा घेताना ते म्हणाले, "शेठ, बोटाचं एवढं न्हाय. पर लोक म्हणत्यात अप्पा इसरला. मी इसरत न्हाय ओ."

त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नाही. कप रिकामा होईपर्यंत थांबले फक्त. मी "पाऊस बघा कसा दडी मारून बसलाय" असं काहीतरी बोललो. त्याच महिन्यात शेड बंद करून ते सीमेपलीकडं लेकीच्या गावी गेले.

बऱ्याच वर्षांनी ते आजारी असल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. एसटीत वाटभर एकच वाक्य घोकत होतो. अंगणात लेक, जावई, शेजारपाजारचे लोक बसले होते. अप्पा उठून बसले आणि सगळ्यांना कन्नडमध्ये सांगू लागले. मला कळत होतं: हेच ते शेठ, यांनी मला उचलून दवाखान्यात नेलं, नाहीतर अख्खा हात गेला असता. लेक येऊन माझ्या पाया पडली.

जे बोलायचं ते त्या लोकांसमोरच बोलायला हवं होतं, कारण त्यांचं नाव लोकांतच गेलं होतं. मी विचारलं, "यंदा जोंधळा कसा आहे?" अप्पांनी जोंधळ्याचं सविस्तर सांगितलं. मी चहा घेतला आणि निघालो. पुढं थोड्याच दिवसांत ते गेले.

एसटीत घोकलेलं वाक्य असं होतं: अप्पा, तुम्ही काही विसरला नव्हता, बटण मी दाबलं आणि खोटंही मीच बोललो, मला माफ करा.