अंतरपाटावरचं कमळ

माझ्या लग्नात फोटोवाला नव्हता. एक सनईवाला होता, तोही पंगतीत इतका जेवला की वरात बिनसनईची निघाली. सांगायला बसलो की हे असे फाटे फुटतात. सांगायचंय ते आमच्या काष्टीच्या रंगनाथचं.

रंगनाथ आमचा शेजारी, राहीबाईचा थोरला. ब्याण्णव-त्र्याण्णव साली त्यानं खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा आणला, तेव्हा बैलबाजारातली माणसं सौदे सोडून बघायला आली.

"आबा, एक डोळ्याचा रेडा आनलाय," मला म्हणाला. "चारा लागत न्हाई, लाईट लागती!"

लग्नवाल्यांना त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "साधं करू का मिक्सिंगचं?" साध्यात घडलं ते तसंच दिसायचं, भटजीच्या खोकल्यासकट. मिक्सिंग म्हणजे कॅसेट नगरला न्यायची, वर सिनेमाची गाणी, गुलाब, बदाम, नवरी थेट चंद्रावर. सगळ्यांना चंद्रच हवा असायचा.

मग त्याच्या धाकट्या बहिणीचं, जयमालाचं लग्न ठरलं. तिच्यासाठी त्यानं सगळ्यात झकास मिक्सिंग ठरवलं.

आमच्याकडं मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई लेकीकडं बघत नाही. पाठ करून तुळशीला पाणी घालत बसते. राहीबाईही मांडवामागं तशीच बसली. अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या. तिनं काही पाहिलं नाही.

उठताना मला म्हणाली, "मला कशाची घाई, आबा? माजा रंग्या घरात दावील की."

कॅसेट आली तशी सगळी गल्ली टीव्हीपुढं जमली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि राहीबाई पुढं सरकून बसली. अंतरपाट निघाला, तोच पडदाभर गुलाबी कमळ उमललं! गाणं वाजलं. कमळात जयमाला आणि जावई, फोटोला उभे होते तसे. कमळ मिटेपर्यंत गळ्यात हार पडलेले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

राहीबाई हळूच म्हणाली, "रंग्या, हार घालताना जयू लाजली का रडली?"

रंगनाथला आठवेना. त्याचं सगळं ध्यान उजेडावर. आणि कॅमेऱ्यातल्या मूळ कॅसेटवर त्यानं दुसऱ्याचं लग्न उतरवलेलं. धंद्यात तशीच रीत होती.

"जाऊ दे, ती आली की तिलाच इचारीन," राहीबाई म्हणाली.

विचारायचं राहूनच गेलं. वर्ष सरायच्या आत पहिल्या बाळंतपणात जयमाला गेली.

मग राहीबाई ती कॅसेट पुन्हा पुन्हा लावायला सांगायची. कमळ आलं की म्हणायची, "आरं, ते फूल जरा बाजूला सार की."

"सरत न्हाई आई. ते आतच बसलंय."

"तूच बसवलंस न्हवं? मग तूच काड."

रंगनाथ उठून ओट्यावर जाऊन बसायचा. गल्लीला हसवणारा माणूस, पण ओट्यावर कुणी बोललं तरी मान वर करायचा नाही.

त्यानं मिक्सिंग सोडलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "श्रीगोंद्याचा गडी नवरीला चंद्रावर बसवतो." हा म्हणायचा, "बसवू द्या. माज्याकडं पाटावरच ऱ्हाईल." लग्नांची कामं हळूहळू तुटली. मग गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्यात हंगामी कामाला लागायचा.

सत्त्याण्णवात आमच्या नातीचं, अश्विनीचं लग्न निघालं. माझा पोरगा मिक्सिंगसाठी अडून बसला. मी म्हटलं, रंगनाथच येईल आणि साधंच करील. सूनबाई, अश्विनीची आई, रीतीप्रमाणं तुळशीपुढं बसल्या. इकडं अक्षतांचा पाऊस, वाजंत्री, आरडाओरडा. रंगनाथचा कॅमेरा अश्विनीच्या तोंडावरून हलला नाही.

कॅसेट आधी त्याच्याच घरी लावली. सूनबाई आणि राहीबाई शेजारी शेजारी. भटजी खोकले. अंतरपाट निघाला. अश्विनीनं वर पाहिलं, ओठ दाबला. एक तांदूळ तिच्या पापणीवर अडकला. सूनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. राहीबाई मात्र उठून टीव्हीजवळ गेली आणि काचेवर हात ठेवला.

"दिसली गं बाई," ती म्हणाली. "दिसली."

मागून रंगनाथनं विचारलं, "लाजली का रडली, आई?"

"हसली रं. माजी बाई हसली."

आमच्यातल्या कुणीच अश्विनीचं नाव घेतलं नाही.